पवईतले मासे आधी मोजा, मग बीज सोडा

प्रति,
माननीय आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका;
माननीय आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र शासन;
आणि पवईच्या काठावर गळ टाकून बसणारे आपण सगळे

स.न.वि.वि.

पावसाळ्यात पवई तलाव भरून वाहू लागला की पालिकेचं निवेदन येतं. त्यात सगळं नेमकं असतं. पूर्ण भरल्यावर तलावात ५४५ कोटी लिटर पाणी मावतं, पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर होतो, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर आहे. तलाव १८९० मध्ये बांधून झाला आणि त्याला १२ लाख ५९ हजार रुपये लागले, हेही त्यात असतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा खर्च आपल्याला हजारापर्यंत माहीत आहे. पण त्याच पाण्यात आज रोहू किती, कटला किती, मरळ उरलाय का, चिलापीने किती जागा बळकावली आहे, हे विचारलं तर सामान्य नागरिकाला उघडून बघता येईल असा एकही कागद माझ्या पाहण्यात नाही.

हे पत्र त्या एका कागदासाठी आहे.

मी या तलावावर गळ टाकणारा माणूस. गरवण्याची आवड कोकणातल्या घरातून आली, ती मुंबईत पवईने सांभाळली. इथे गळ टाकण्याची परंपरा स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. पवईचं पाणी पिण्यालायक नाही म्हणून ते कारखान्यांना आणि इतर कामांना दिलं जातं. पिण्याचं नाही म्हटल्यावर त्याच्या तब्येतीची चौकशीही कमी होते. विहार आणि तुळशी या तलावांच्या पाण्याची जितकी काळजी घेतली जाते, तितकी पवईच्या वाट्याला कधी आली नाही. पण माशांना ते पाणी चोवीस तास प्यावं लागतं, त्यातच श्वास घ्यावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. तलावात पुढचं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडण्याआधी, पुढचं सुशोभीकरण आखण्याआधी, मासे मोजा. मोजून जाहीर करा. आणि हे दरवर्षी करा.

मोजणीचा एवढा आग्रह का, हे कळायला आधी पवईत रोहू-कटला येतात कुठून ते बघावं लागतं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते साठलेल्या पाण्यात वाढतात छान, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पवईला येऊन मिळणारी नदी नाही. डोंगरउतारावरचे ओहोळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ओहोळांचे आता नाले झाले आहेत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन यशस्वी केलं. तेव्हापासून देशभर तळ्या-धरणांत सोडायला बीज मिळू लागलं. म्हणजे पवईत गळाला लागणारा जवळपास प्रत्येक रोहू कधीतरी कुणीतरी पिशवीतून आणून सोडलेला असतो. तो इथे जन्मत नाही. आज जे सोडलं जाईल तेच दोन-तीन वर्षांनी गळाला लागेल, आणि जे सोडलं जाणार नाही ते लागणार नाही.

चिलापीचं नेमकं उलट. चिलापी म्हणजेच तिलापिया, आपल्या देशात तो १९५२ साली आणला गेला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंही सुरुवातीला धोका दिसला की तिच्या तोंडात शिरतात. वर्षातून अनेकदा वीण होते, त्यासाठी पूर लागत नाही की झरा लागत नाही, काठच्या उथळ तळावर केलेला खळगा पुरतो. गर्दी वाढली की ती खुजी राहते आणि तळहाताएवढी असतानाच अंड्यावर येते. काठावर ज्यांच्या गळाला एकामागून एक बोटभर चिलापी लागते त्यांना वाटतं, तलावात मासे भरपूर आहेत. मासे आहेत, पण तलाव एकाच माशाने भरत चालला असेल तर ते भरपूर असणं चांगलं लक्षण नाही. तिथे मोजणी झाली तरच हे कळेल.

आता बीज सोडण्याची वेळ आणि माप बघा. मत्स्यव्यवसाय विभागातल्या मंडळींना मी नवीन काही सांगत नाहीये, पण काठावरच्या वाचकांसाठी लिहितो. हॅचरीतून निघतं ते मत्स्यजिरं, डोळ्याला जेमतेम दिसणारं. ते वाढवून मत्स्यबीज होतं, आणि आणखी वाढवलं की बोटुकली. जिथे मरळ आहे, चिलापी आहे, पाणकावळ्यांचे थवे उतरतात, तिथे लहान बीज सोडणं म्हणजे त्या सगळ्यांना जेवण वाढणं आहे. आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली महाग पडते, संख्येने कमी मिळते, फोटोत लाखांचा आकडा लिहिता येत नाही, पण तीच जगते. दुसरी गोष्ट सांडव्याची. पवई पावसाळ्यात भरून वाहते आणि ते पाणी मिठी नदीत जातं. मासा वाहत्या पाण्याकडे ओढला जातो. भर पावसात सोडलेलं बीज किती सांडव्यावरून गेलं याचा कोण हिशेब ठेवणार? पाणी वाहायचं थांबलं, गाळ खाली बसला, की मग बोटुकली सोडावी. पिशवी घाईने उघडून ओतू नये. आधी काही वेळ ती तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. या साध्या गोष्टी आहेत, आणि त्या पाळल्या जाताहेत की नाही हेही शेवटी मोजणीतच दिसतं.

दर काही वर्षांनी पवईत महाशीर, हा नदीतला मोठा मासा, सोडा अशी मागणी कुणी ना कुणी करतं. मी त्या मागणीच्या विरोधात आहे, आणि का ते सविस्तर सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण महाशीर म्हटलं की आपल्यापैकी भल्याभल्यांचा हात शिवशिवतो.

महाशीर आपला आहे यात वाद नाही. आज ज्याला टॉर खुद्री म्हणतात त्याची शास्त्रीय नोंद साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून केली. देहूच्या इंद्रायणीत तो देवाचा मासा म्हणून राखला गेला. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांनी १९७०च्या दशकात त्याचं प्रजनन सुरू केलं आणि तिथलं बीज पुढे देशभर गेलं. त्यातलं काही कावेरीत गेलं. हेतू उत्तम होता, मासे कमी झालेत, भर घालू या. पण कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. सोडलेला निळसर परांचा महाशीर तिथे वाढत गेला आणि कुबड्या महाशीर हटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. कावेरी ही महाशीरांची प्रसिद्ध नदी, आणि तिच्यातला सर्वांत मोठा मासा जायच्या वाटेवर येईपर्यंत त्याला शास्त्रीय नावही नीट नव्हतं.

आणि हे कळलं कसं? सरकारी सर्वेक्षणातून नव्हे. कावेरीच्या काठी गळ टाकणाऱ्यांसाठी जे मुक्कामाचे तळ होते, तिथल्या वहीतून. कोणता मासा लागला, केवढा होता, किती तास गळ टाकला, हे तिथे लिहून ठेवलेलं होतं. संशोधकांनी १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी काढल्या, जातीप्रमाणे मांडल्या, आणि एक जात चढत असताना दुसरी उतरत होती हे कागदावर आलं. काठावर बसलेल्या हौशी माणसांनी पेन्सिलीने केलेल्या नोंदी नसत्या तर कुबड्या महाशीर कधी कमी झाला हे आज कुणालाच सांगता आलं नसतं.

पवईत तर महाशीर सोडून तो अंडीही घालणार नाही. त्याला खडी-गोट्यांवरून वाहणारं स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पवईच्या माथ्यावर आज तसं काय उरलं आहे? सोडायचा, मोठा व्हायची वाट बघायची, पकडायचा, फोटो काढायचा, पुन्हा सोडायचा, एवढंच होईल. तो पैसा आणि ती उमेद इथल्या साध्या माशांवर लागली पाहिजे.

मोजायचं कसं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तलाव उपसून कुणी मासे मोजत नाही. जगभर वापरली जाणारी रीत अशी आहे. समजा, आज ५०० रोहू पकडले, प्रत्येकाच्या पराचा एक कोपरा किंचित कातरून खूण केली आणि सोडून दिले. काही आठवड्यांनी पुन्हा २०० रोहू पकडले आणि त्यात खुणेचे १० निघाले. म्हणजे विसात एक खुणेचा. आपण सोडले होते ५००, म्हणजे तलावात अंदाजे १० हजार रोहू आहेत. यात त्रुटी राहतात, त्या कशा आटोक्यात ठेवायच्या हे शास्त्रज्ञांना माहीत आहे. कातरलेला पर पुन्हा वाढतो, माशाला त्रास होत नाही. याच्या जोडीला लांबी आणि वजन घ्यायचं. तेवढ्याच लांबीचा मासा वर्षागणिक हलका भरू लागला तर तळ्यात खाणं कमी पडतंय किंवा गर्दी झाली आहे. लहान, मधले, मोठे अशा तिन्ही मापांचे मासे आहेत की फक्त मोठेच उरलेत, हेही बघायचं. नुसते मोठेच लागत असतील तर आपल्याला आनंद होतो, पण त्याचा अर्थ असाही असतो की मागच्या काही वर्षांत सोडलेलं बीज जगलंच नाही.

हे करायला परदेशातून कुणाला बोलवायची गरज नाही. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था अंधेरीत वर्सोव्याला आहे, १९६१ पासून. देशभरातले मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी तिथे शिकायला येतात. तलावाच्या काठाला लागून आयआयटी आहे. मत्स्यव्यवसाय विभागाचे अधिकारी याच शहरात बसतात. आणि काठावर आम्ही आहोत, फुकट राबायला तयार. एका शहरात एवढं सगळं असताना तलावातल्या माशांचा अंदाजही नसावा, याचं मला फार वाईट वाटतं.

गळ टाकणाऱ्यांच्या वहीबद्दल एक शंका काढली जाते ती योग्य आहे. गळाला लागणारा मासा हा तलावातल्या माशांचा खरा नमुना नसतो. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. कणकेच्या गोळ्यावर जो येतो तो गांडुळावर येत नाही. मान्य. म्हणूनच जाळ्याने केलेली मोजणी वर्षातून एकदा आणि वहीतली नोंद वर्षभर, असं दोन्ही हवं. वहीत मासा न लागलेला दिवसही लिहायचा, हे महत्त्वाचं. आपण मोठ्या माशाचे फोटो जपून ठेवतो आणि रिकाम्या हाताने परतलेली सकाळ विसरतो. किती गळ, किती तास, काय लागलं, काय नाही, असं सगळं लिहिलं तरच तासाला किती मासा पडतो हे निघतं, आणि तो आकडा वर्षामागून वर्षं लावला की तलावाची चाल कळते.

आता पाण्याकडे येतो. पालिकेनेच सांगितलेल्या आकड्याप्रमाणे रोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी पवईत येत आलं आहे. ते वळवण्याचं आणि शुद्ध करण्याचं काम हाती घेतल्याचंही पालिकेने सांगितलं आहे, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. ते काम माशांसाठी किती मोलाचं आहे ते सांगतो.

तीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. वीस अंशाला नऊ. म्हणजे मे महिन्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो तेव्हाच पाण्यात तो कमी मावतो. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू आधी त्यातला वाटा घेतात. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, ती पृष्ठभाग झाकते, खाली ऊन पोचत नाही, वारा पाण्याला लागत नाही. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो घेतं, म्हणून पहाटे पाणी सर्वांत वाईट अवस्थेत असतं. दुपारी बारा वाजता घेतलेला नमुना उत्तीर्ण होतो आणि पहाटे पाच वाजता मासे तोंड वर काढून धापा टाकत असतात. म्हणून माझी विनंती आहे की प्राणवायूची तपासणी सूर्योदयाच्या आधी करा, आणि पृष्ठभागाबरोबर तळाशीही करा. उन्हाळ्यात खोल पाण्याच्या तळाशी प्राणवायू संपलेला असतो. पहिल्या वळवाच्या वादळात तो तळ ढवळून वर आला की एका रात्रीत मासे मरतात. मग सकाळी काठावर पांढरी पोटं दिसतात आणि कुणीतरी विष घातलं अशी बोलवा उठते.

प्राणवायू कमी झाला की सगळे मासे सारखे मरत नाहीत. रोहू-कटला आधी जातात. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, चिलापी फार कमी प्राणवायूत तग धरते. वर्षानुवर्षं असं घडत राहिलं तर तलाव आपोआप चिलापीचा होतो, मग वरून कितीही बोटुकली सोडा. म्हणून बीज आणि सांडपाणी हे दोन खात्यांचे दोन विषय नाहीत. पालिकेने पाणी बघायचं आणि मत्स्य विभागाने मासे, अशी वाटणी केली तर दोन्ही हातचं जाईल.

आमच्यातले काही जण म्हणतात, सांडपाण्यानेच मासा पोसला जातो, ते बंद केलं तर मासा बारीक होईल. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या भेड्यांचं, म्हणजे मासे वाढवायच्या तळ्यांचं, उदाहरण देतात. उदाहरण खरं आहे. तिथे शहराच्या सांडपाण्यावर कितीतरी पिढ्या मासे वाढवले जाताहेत आणि ती पाणथळ जागा २००२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. पण तिथली तळी उथळ राखलेली असतात, सांडपाणी आधी उन्हात मुरू दिलं जातं, किती आणि कधी आत घ्यायचं हे अनुभवी माणूस ठरवतो. फाटक उघडणं आणि बंद करणं त्याच्या हातात असतं. पवईला असं फाटक नाही. इथे नाला ठरवतो. सांडपाणी थांबल्यावर पहिली एक-दोन वर्षं मासा कदाचित थोडा सावकाश वाढेल, ते मला मान्य आहे. पण जो वाढेल तो मे महिना ओलांडेल.

जलपर्णी काढण्याबद्दल दोन शब्द. ती काढायलाच हवी. काढून काठावर ढीग लावून ठेवली तर कुजून तिचं सगळं पुन्हा पाण्यात उतरतं, म्हणून ती त्याच दिवशी उचलून दूर न्यावी. गवत्या मासा सोडा, तो जलपर्णी खाईल, असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. गवत्या पाण्याखालची मऊ वनस्पती आवडीने खातो, जलपर्णीला सहसा तोंड लावत नाही. आणि यंत्राने सगळा काठ सपाट खरवडू नका. काठालगतचं उथळ पाणी, तिथलं गवत, लव्हाळी, हीच लहान माशांची लपायची आणि वाढायची जागा. याच कारणासाठी काठावरचं काँक्रीट मला नकोसं वाटतं. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पवईकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवून केलेलं बांधकाम काढायला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. त्या निकालाची चर्चा मगरींच्या आणि पाणथळ जागेच्या अंगाने झाली, ती व्हायलाच हवी होती. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि पवई तिचं घर आहे. पण त्याच उथळ पट्ट्यात मरळाची पिल्लं वाढतात, ते कुणी बोललं नाही.

इथून पुढचं माझ्या काठावरच्या मंडळींसाठी.

मरळाबद्दल आधी. मरळ इथलाच, अंडी इथेच घालणारा, कुणी न सोडता टिकणारा. पावसाळ्यात नर-मादी मिळून पिल्लांचा थवा राखतात. लालसर पिल्लांचा तो गोळा पाण्यावर उकळी फुटल्यासारखा हलताना दिसतो आणि त्याच्या खाली मोठा मरळ असतो. तो राखणीला असतो, म्हणून समोर येईल त्यावर तुटून पडतो. त्या वेळी तो गळाला लागणं अगदी सोपं. आणि तो उचलला की त्या थव्यातली पिल्लं बाकीचे मासे संपवतात. एक मासा घरी आला आणि पुढच्या वर्षीचे कितीतरी गेले. पिल्लं दिसली की त्या जागी गळ टाकू नका. कुणी टाकत असेल तर प्रेमाने सांगा, आणि ऐकत नसेल तर आवाज चढवून सांगा. हा नियम कागदावर येईल तेव्हा येवो, आपण या पावसाळ्यापासून पाळू शकतो.

मे महिन्यात पहाटे मासे वर तोंड काढताना दिसले तर त्या दिवशी गळ गुंडाळून ठेवा. अशा पाण्यात ओढून दमवलेला मासा सोडून दिला तरी बहुतेकदा जगत नाही. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, सिमेंटवर आपटू देऊ नका, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका म्हणजे तो पटकन सुटतो. चिलापी मात्र परत पाण्यात टाकू नका. तुटलेला तंगूस (गळाचा दोरा) काठावर सोडू नका. तो बगळ्याच्या पायात गुंततो, मगरीच्या तोंडात जातो आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. आणि घरच्या काचेच्या टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून तलावात सोडणाऱ्यांना थांबवा. आफ्रिकन मांगूर आपल्या देशात २००० सालीच बंद झाला, तरी तो ठिकठिकाणच्या पाण्यात सापडतो. टाकीची काच साफ ठेवायला आणलेला सकरफिश मोठा झाला की मातीच्या काठांत बिळं करतो, आणि पवई हा बांध घालून केलेला तलाव आहे.

जाळ्यांचा प्रश्न निघाला की बोट लगेच आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांकडे जातं. हे मला पटत नाही. रात्री लांबच लांब जाळी लावून विकण्यासाठी मासा काढणं वेगळं आणि या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाने घरच्या कालवणापुरता मासा धरणं वेगळं. पहिल्यावर कारवाई व्हावी. दुसऱ्याला मोजणीत सोबत घ्यावं, कारण कोणत्या ओहोळाच्या तोंडाशी कोणता मासा कधी चढतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मासा खाण्याजोगा आहे का, याचं उत्तरही शासनाने द्यायला हवं. वर्षातून एकदा वेगवेगळ्या जातींच्या माशांचे नमुने तपासून त्यात जड धातू किती ते काठावर मराठीत फलक लावून सांगा. खाऊ नये असं निघालं तर तसंही लिहा. घरी मुलांच्या ताटात मासा वाढणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे.

गळ टाकणाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत पवईकडून काय अपेक्षा ठेवावी, हे मला स्पष्ट लिहावंसं वाटतं. सांडपाणी खरोखर वळलं, बोटुकली योग्य वेळी पडली आणि चिलापीवर दाब राहिला, तर चांगल्या पाण्यात कटला वर्षभरात किलोच्या आसपास जातो. म्हणजे तिसऱ्या हिवाळ्यात फरक हाताला लागला पाहिजे. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा रोहू-मृगळ चांगले धरतात, थंडी वाढली की मंदावतात. तो तिसरा हिवाळा आला आणि गळाला फरक लागला नाही, तर कुठे चुकलं हे शोधायला आपल्या हातात मागच्या तीन वर्षांचे आकडे असतील. आज तेवढंही नाही.

माननीय आयुक्त महोदय, आपणा दोघांकडे मागणी अशी आहे: या पावसाळ्याआधी पालिका, मत्स्यव्यवसाय विभाग, वर्सोव्याची संस्था आणि गळ टाकणारे यांची एक बैठक तलावाच्या काठावरच घ्यावी. पहिली मोजणी सांडव्यावरचं पाणी थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये करता येईल. तोवर नवं बीज सोडू नये. तलावाच्या खोलीचा नकाशा एकदा नव्याने करून घ्यावा, म्हणजे गाळाने किती जागा खाल्ली आणि उन्हाळ्यात माशाला उतरायला खोल पाणी कुठे उरलंय ते दिसेल. मोजणीचे आकडे, पहाटेच्या प्राणवायूचे आकडे आणि सोडलेल्या बोटुकलीचा हिशेब पालिकेच्या संकेतस्थळावर पाणीसाठ्याच्या आकड्यांशेजारी असावा.

जाळी ओढायला, मासे मोजायला, वजन लिहून घ्यायला माणसं लागतील. परवानगीचं पत्र तेवढं वेळेवर द्या, माणसं आम्ही आणतो. वहीचा नमुना साधा आहे: तारीख, जागा, तास, आमिष, मासा, लांबी, वजन, सोडला की नेला. बैठकीला येताना तो घेऊन येईन.

आपला,
पवईच्या काठावर गळ टाकणारा एक मुंबईकर